बाईंचं ‘हं’

कटिंगच्या वर्गात बाईंनी ‘हं’ म्हटल्याशिवाय कुणी कापडाला कात्री लावायची नाही, असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मुलींनी मापं घ्यावीत, पट्टी धरून खडूने रेघा माराव्यात, टाचण्या लावाव्यात आणि मग कात्री धरून उभं राहावं. बाई टेबलांमधून फिरत यायच्या, रेघांवरून नजर टाकायच्या, मुलीच्या हातावर आपला हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हं.” की कात्री सुरू. सुरुवातीचं चार बोटं कापड बाईंच्या हाताने कापलं जायचं, पुढचं मुलीच्या. गळ्याच्या वळणावर आणि बाही खांद्याला जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईवर बाईंचा हात पुन्हा यायचा. त्यामुळे त्या वर्गात कापड कधी वाया गेलं नाही. तपासणीला येणारे साहेब तिथली केराची टोपली बघून तोंडात बोट घालायचे.

हे उगाच झालं नव्हतं. बाई नोकरीला नवीन होत्या तेव्हा एका मुलीने कोटाचं कापड चुकीचं कापून ठेवलं. त्या वेळच्या मुख्याध्यापिकांनी वर्गात येऊन ते तुकडे सगळ्यांपुढे उचलून दाखवले आणि त्या पोरीची अशी काही शोभा केली की दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावला. आपल्या वर्गातल्या पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. हेतू चांगला होता, आणि चांगल्या हेतूची तपासणी करायला कुठले साहेब येत नाहीत. वर्षं गेली, बाईंचे केस पिकले, नियम तसाच राहिला.

शाळेपासून बसने थोड्या अंतरावर तयार कपड्यांचा एक मोठा कारखाना होता. तिथले कटिंग मास्तर दोन वर्षांपासून दरवर्षी बाईंच्या वर्गातली एक मुलगी बोलवायचे, दिवसभर काम देऊन बघायचे आणि पसंत पडली तर ठेवून घ्यायचे. गेल्या वर्षीची मुलगी त्यांनी संध्याकाळी परत पाठवली. त्याच्या आदल्या वर्षीचीही. यंदा निवड व्हायच्या सुमाराला मुख्याध्यापिकांनी बाईंना खोलीत बोलावलं. या मुख्याध्यापिका बाईंपेक्षा वयाने लहान होत्या आणि त्यांना काही सांगायचं झालं की टेबलावरची पेनं सरळ करत बसायच्या.

“मास्तरांचा फोन होता,” त्या पेनं लावत म्हणाल्या. “या वर्षी आणखी एक बघतो म्हणाले. तीही परत गेली तर मग आपल्याकडची मुलगी नको.”

“आमच्या मुलींना पैकीच्या पैकी मार्क असतात.”

“तेच तर. मार्क बघून ते जास्त चिडलेत.”

खोलीतून निघताना बाईंच्या डोळ्यांपुढे एकच मुलगी होती. कारण यंदा जायची होती ती चिमणी.

चिमणी हे वर्गाने ठेवलेलं नाव. एवढीशी मूर्ती, आवाज बारीक, पण कापडावर खडू टेकवला की बघत राहावं. तिची रेघ कधी पुसावी लागत नसे. बाईंच्या हाताखालून एवढ्या मुली गेल्या, पण असा हात त्यांनी पाहिला नव्हता. चिमणी मावशीकडे राहायची, आणि मावशीने स्पष्ट सांगून ठेवलं होतं: कारखान्यात लागली तर ठीक, नाही तर शिकणं पुरे, घरी बसून माझी पोरं सांभाळायची. मावशीची पोरं म्हणजे काय प्रकार होता ते चिमणीच्या अंगावरच्या ओरखड्यांवरून दिसायचं. ही पोरगी एकदा त्या घरात अडकली की संपलं, हे बाईंना कळत होतं. मुली परत का येतात हे मात्र कळत नव्हतं.

विचारणार तरी कुणाला? शाळेत बाईंना मान होता आणि मैत्रीण नव्हती. त्या स्टाफरूममध्ये आल्या की रंगात आलेल्या गप्पा एकदम परीक्षेच्या वेळापत्रकावर यायच्या. डबा त्या वर्गातच खायच्या, मुलींच्या आखलेल्या कापडांशेजारी. घरी दोन खोल्या, त्यांतली एक बंदच असायची, कारण एका माणसाला दोन खोल्या कशाला झाडायच्या? धाकट्या भावाचा अधूनमधून फोन यायचा. शेवटी तो म्हणायचा, “अक्का, ये की इकडे राहायला.” अक्का म्हणायच्या, “बघू.” दोघांचंही समाधान व्हायचं आणि फोन बंद व्हायचा. सुट्टीच्या दिवशी बाईंना मुलींची इतकी आठवण यायची की त्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे मुंढे तपासत गॅलरीत उभ्या राहायच्या. वर्ग हे त्यांचं घर होतं, आणि आपल्यावाचून तिथलं पान हलत नाही याचं त्यांना सुख होतं. हे सुख त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

शेवटी बाई लंबूकडे गेल्या. लंबू म्हणजे गेल्या वर्षी परत आलेली. ती आता बटणं, लेस आणि रिबिनीच्या दुकानात कामाला होती. वरच्या फळीवरचा माल काढायला तिला स्टूल लागत नसे. तेवढा तरी उंचीचा उपयोग झाला, असं ती गिऱ्हाइकांना हसून सांगायची. बाईंना पाहताच तिने काउंटर पुसला, खुर्ची पुसली आणि गडबडीत स्वतःचा चेहराही त्याच फडक्याने पुसला.

“तुला त्यांनी परत का पाठवलं गं?” बाईंनी बसल्या बसल्या विचारलं. “खरं सांग. मास्तर खडूस आहेत का?”

“नाही हो बाई. चांगले आहेत. मला चहा दिला त्यांनी.”

“मग काम अवघड होतं?”

“शर्ट होता. साधा.”

“साधा शर्ट तर तू झोपेत कापशील!”

लंबूने बटणांचा एक पुठ्ठा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. “सगळं आखलं बाई. टाचण्या लावल्या. कात्री हातात घेतली. आणि उभी राहिले.”

“कशाला?”

“तुमची वाट बघत.”

बाईंना आधी नीट समजलंच नाही. लंबूला वाटलं त्या रागावल्या, म्हणून ती भराभर बोलू लागली. “म्हणजे तुम्ही येणार नाही हे कळत होतं मला. मी काय वेडी आहे? पण हातच हलेना. मास्तर म्हणाले, काप ना पोरी. म्हटलं, कापते. जेवणाची सुट्टी झाली. सगळे जेवून आले. परत म्हणाले, काप ना. म्हटलं, कापते. शेवटी त्यांनीच कात्री काढून घेतली माझ्या हातातून. ओरडले नाहीत अजिबात.”

“आणि तुझ्या आधीची?”

“तिचं मास्तरच सांगत होते. ती म्हणे दर वळणाला त्यांचा हात धरायला जायची. त्यांना इतकं लाजल्यासारखं झालं!” लंबू हसली. बाई हसल्या नाहीत, तेव्हा तीही थांबली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं ना.”

“परत ये वर्गात,” बाई म्हणाल्या. “मी पुन्हा शिकवते. वेगळं शिकवते.”

“नको बाई. इथे बरं आहे. इथे रिबीन सोडून काही कापायचं नसतं.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. लंबूने रिबीन मापली, कात्री उघडली, आणि क्षणभर थांबून बाईंकडे पाहिलं. मुद्दाम नव्हे. तिला ते कळलंही नसावं. बाईंच्या तोंडात ‘हं’ येऊन थांबलं होतं. त्या उठल्या आणि तिचा निरोपही न घेता दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

घरी जाऊन त्यांनी चहा केला आणि तो तसाच गार होऊ दिला. लंबू रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं वाटलं असतं. पण तिला अजूनही आपल्याला वाईट वाटू नये याचीच काळजी. आपण कापड वाचवलं आणि पोरी वाया घालवल्या, असं बाईंच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, आणि त्यांना खूप रडू आलं. रडताना त्यांना आणखी एक गोष्ट सुचली, ती त्याहून वाईट होती. पोरी अडखळायच्या तेव्हा आपल्याला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, “आजपासून मी ‘हं’ म्हणणार नाही. हातही लावणार नाही. आखून झालं की ज्याचं त्याने कापायचं.”

मुलींनी आखलं. टाचण्या लावल्या. कात्र्या उचलल्या. आणि सगळा वर्ग कात्र्या धरून उभा राहिला. बाई पहिल्यांदाच खुर्चीत जाऊन बसल्या. ती इतकी टणक आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. थोड्या वेळाने एकीने कात्री ठेवून कापडाला पुन्हा इस्त्री केली. दुसरीने बरोबर असलेली रेघ पुसून तशीच परत मारली. तिसरी खडूला टोक काढत बसली आणि टोक काढता काढता खडू संपला. तास संपला तेव्हा एकाही कापडाला कात्री लागली नव्हती. पुढच्या दिवशीही तेच.

सुट्टीत चिमणी टेबलाशी आली. डोळे लाल. “बाई, माझं काही चुकलं का?”

“नाही गं.”

“मग माझ्यावर का रागावलात? ऐन कारखान्यात जायच्या वेळी?”

“रागावले नाही. तिथे मी नसणार, चिमणे. म्हणून इथेही नाही.”

“पण मला नाही येत तुमच्याशिवाय.”

हे वाक्य महिनाभरापूर्वी ऐकलं असतं तर बाईंचा ऊर भरून आला असता. आता त्यांना भीती वाटली. “येतं,” त्या म्हणाल्या. “चुकलीस तर चुकलीस. कापडच आहे ते.” स्वतःच्या तोंडून हे शब्द ऐकून त्यांना वाटलं, कुणी तरी दुसरंच बोलतंय.

पण नुसतं बोलून हात सुटत नाही. बाई खुर्चीत आहेत तोवर सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे. हे ध्यानात आलं तेव्हा बाई उठल्या, वर्गाबाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यातून मुख्याध्यापिका येत होत्या. “वर्ग सोडून इथे काय करताय, बाई?”

“शिकवतेय,” बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी बंद दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि या वयात काय काय व्हायला लागतं अशा चेहऱ्याने निघून गेल्या. बाई कान देऊन उभ्या राहिल्या. आत सामसूम. मग कुजबुज. मग पुन्हा सामसूम. आणि मग तो आवाज आला, जाड कापडातून कात्री जाते तो, करकर करकर, आधी भीत भीत, मग सलग. बाईंनी भिंतीला पाठ टेकली. आत जाऊन तो हात धरावा असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीशी दाबून धरले.

त्या आत आल्या तेव्हा सगळ्या चिमणीच्या टेबलाभोवती जमल्या होत्या. चिमणीचा चेहरा पांढरा फटक. कोट कापून झाला होता, सुबक, एक धागा इकडचा तिकडे नाही. फक्त दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. कापडाची दुहेरी घडी न घालता तिने एकच आखणी दोनदा केली होती, आणि कापडाला उलटं-सुलटं असल्यामुळे एक पलटून चालणार नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा ही चूक केलेली असते. या वर्गात ती करायची संधी कुणाला मिळाली नव्हती एवढंच.

सगळ्या बाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या. उपाय बाईंच्या जिभेवर होता. त्यांनी जीभ चावली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता?”

चिमणीने डोळे पुसले, उरलेला तुकडा पसरला, बाही त्यावर ठेवून पाहिली. “अख्खी निघत नाही.”

“आडवी ठेवून बघ,” कुणी तरी म्हणालं.

“आडवी नको, लोंबेल. धागा उभाच हवा.”

“मग काखेत जोड दे ना! काखेतलं कोण बघतंय?”

“घामट नवरा असला तर तो बघेल,” मागून कुणी तरी बोललं आणि अख्खा वर्ग फिस्सकन हसला. बाईंच्या वर्गात हसणं! चिमणीही नाक ओढत हसली, आणि हसता हसता तिने जोडाची जागा आखली, कात्री उचलली, आणि कुणाकडेही न बघता कापलं.

त्यानंतर वर्गाचं रूपच पालटलं. केराची टोपली भरून वाहू लागली. एकीने कॉलर उलटी कापली, एकीने खिसा पाठीवर आखला. मुली एकमेकींच्या टेबलांवर ओणव्या व्हायच्या, भांडायच्या, अडलं की चिमणीला हाक मारायच्या. बाई खुर्चीत. एकदा एक मुलगी अडली, आणि बाईंना ओलांडून, अक्षरशः त्यांच्या खुर्चीला वळसा घालून, चिमणीला विचारायला गेली. बाईंना ते लागलं. त्या चक्क जळल्या, आपल्याच शिष्येवर. इतकी वर्षं ज्या खोलीत त्या एकट्या नव्हत्या, तिथेही आता त्या एकट्या झाल्या होत्या, आणि हे त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. परत ‘हं’ म्हणायला कितीसा वेळ लागला असता? रोज मनात यायचं. रोज त्या गप्प बसायच्या.

कारखान्यात जायच्या दिवशी चिमणीला सोडायला बाई गेल्या. बसमध्ये सांगण्यासारखं इतकं काही होतं की त्यांनी काहीच सांगितलं नाही. उतरताना म्हणाल्या, “तहान लागली तर पाणी माग. लाजू नकोस.” चिमणी मान हलवून आत गेली.

फाटकाशी बाक होता. वॉचमनने पेपर पुढे केला, तो बाईंनी उलटा धरून बराच वेळ वाचला. जेवणाची सुट्टी झाली. कामगार घोळक्याने बाहेर आले, पलीकडच्या टपरीवर गेले, परतले. चिमणी आली नाही. बाईंच्या डोळ्यांपुढे लंबू उभी राहिली, सगळे जेवून आले तरी कात्री धरून उभी असलेली.

त्या उठून फाटकाशी गेल्या.

“जायचंय का आत?” वॉचमन म्हणाला. “जा की. शाळेच्या बाई ना तुम्ही? कोण अडवतंय?”

कुणीच अडवत नव्हतं. चार पावलं टाकून आत जावं, दारात नुसतं दिसावं, एकदा ‘हं’ म्हणावं. पोरीची नोकरी वाचेल. मावशीच्या घरातून सुटेल. आणि पुढच्या कापडाला? आणि त्याच्या पुढच्या? बाईंनी फाटकाचा गज घट्ट धरला. पोरगी आत उभी असेल तर ती माझ्यामुळे उभी आहे, आणि मी गेले तर जन्मभर उभी राहील. त्यांनी गज सोडला आणि बाकावर येऊन बसल्या. तेवढं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते करताना बघायला एक वॉचमन सोडून कुणी नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा चिमणी धावत आली. केसांना कापडाचे तंतू, गालावर खडू.

“बाई! ठेवून घेतलं! उद्यापासून ये म्हणाले!”

बाईंचा जीव भांड्यात पडला. “जेवायला का नाही आलीस?”

“अहो, सुट्टी झालेली कळलीच नाही मला! चौकडीचं कापड दिलं त्यांनी, मोठ्ठी चौकडी, आणि कमीच दिलं मुद्दाम. चौकड्या जुळवल्या तर कॉलर निघेना. मग मी खिसा तिरपा घेतला, म्हणजे तो जुळवावाच लागत नाही, आणि उरलेल्यात कॉलर बसवली. मास्तर म्हणाले, हे कुणी सांगितलं तुला? म्हटलं, कुणी कशाला सांगायला हवं, दिसतंय की.” ती बोलत होती आणि तिचे हात हवेत कापड फिरवत होते.

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना.”

“मग?”

“मग काय, कापलं.”

इथे थांबायला हवं होतं. बाईंनाही ते कळत होतं. पण माणूसच त्या. “कात्री लावताना माझी आठवण आली असेल,” त्या म्हणाल्या.

चिमणीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. खोटं बोलणं तिला जमत नसे.

“नाही हो बाई,” ती म्हणाली. “आठवणच झाली नाही.”

आतून कुणी तरी तिला हाक मारली. मापं लिहून घ्यायची होती, टेबल दाखवायचं होतं. “आले आले!” म्हणत ती वळली आणि पळाली.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. ते तिला ऐकू गेलं नसावं, पण त्या मनापासून म्हणाल्या. बस आली तेव्हा वॉचमनने हात करून दाखवली. बाईंनी ती जाऊ दिली. शाळेत परतायची घाई नव्हती. शेवटचा तास चालू असेल, आणि पोरींचं काही अडलं नसेल.